प्रोग्रेसिव्ह रॉकमधला आवडता कीबोर्डवादक कानाने कसा निवडावा

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, नव्याने ऐकू लागलेला श्रोता कीबोर्डवादकांच्या बाबतीत बहुधा एकाच ठिकाणी अडतो. कीथ एमर्सन, रिक वेकमन, टोनी बँक्स, रिचर्ड राइट ही नावे कानावरून गेलेली असतात आणि ही मंडळी थोर आहेत हेही ऐकून माहीत असते. पण प्रत्यक्ष अल्बम लावल्यावर नेमके कोणाचे काय आवडले हे सांगता येत नाही. हा दोष श्रोत्याकडे जात नाही, कारण अडचण या संगीताच्या घडणीतच आहे. गिटारवादकाचा आवाज रचनाभर बराचसा एकसारखा राहतो, तर कीबोर्डवादक एकाच रचनेत पियानो, ऑर्गन, मेलोट्रॉन आणि सिंथेसायझर अशी चार वाद्ये हाताळतो आणि दर वेळी त्याचा आवाज बदलतो. परिणामी आपल्याला पुष्कळदा वाद्याचा नाद आवडलेला असतो आणि श्रेय मात्र आपण वादकाला देतो. म्हणून आधी वाद्ये वेगवेगळी ओळखता यावीत, मग एकच वाद्य निरनिराळ्या हातांत ऐकावे आणि सर्वांत शेवटी नुसता हात ऐकावा, असा क्रम मी सुचवतो. या क्रमाने कान तयार झाला की दुसऱ्यांच्या याद्यांची गरज उरत नाही.

ऐकताना हेडफोन लावावेत. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्जाचे सूर जवळजवळ नाहीसे होतात आणि ऑर्गनचा अर्धा जीव खर्जात असतो. पहिला धडा म्हणून येस या बँडच्या १९७१ सालच्या ‘फ्रॅजाइल’ अल्बममधील ‘कॅन्स अँड ब्राह्म्स’ हा जेमतेम दीड मिनिटाचा तुकडा घ्यावा. ब्राह्म्स यांच्या चौथ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागातला अंश वेकमन यांनी येथे एकट्याने वाजवला असून, तंतुवाद्यांच्या जागी इलेक्ट्रिक पियानो, लाकडी सुषिरवाद्यांच्या जागी ग्रँड पियानो, पितळी वाद्यांच्या जागी ऑर्गन, रीडच्या वाद्यांच्या जागी इलेक्ट्रिक हार्पसिकॉर्ड आणि काँट्राबसूनच्या जागी सिंथेसायझर अशी वाटणी केली आहे. संगीत म्हणून हा तुकडा मला फार मोठा वाटत नाही, पण धडा म्हणून याला तोड नाही. तो पाच वेळा ऐकावा आणि प्रत्येक वेळी एकाच वाद्याचा माग धरावा, बाकीच्यांकडे लक्ष देऊ नये.

यानंतर हॅमंड ऑर्गन नीट समजून घ्यावा, कारण सत्तरच्या दशकातील ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकचा कणा तोच आहे. लॉरेन्स हॅमंड यांनी हे वाद्य १९३५ साली बाजारात आणले. बी-३ किंवा सी-३ या नामांकित प्रकारांच्या पोटात ९१ दातेरी चक्रे फिरत असतात आणि चुंबक व तारेच्या वेटोळ्यांजवळून त्यांचे दाते सरकले की विजेचा सूर तयार होतो. पट्ट्यांच्या वर ९ दांड्यांचे संच असतात. प्रत्येक दांडा मूळ सुरात एकेक उपस्वर मिसळतो आणि तो किती बाहेर ओढला यावर नादाचा रंग ठरतो. श्रोत्याने लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की या ऑर्गनवर बोट जोरात आपटले काय किंवा हलके टेकवले काय, आवाजाची पातळी बदलत नाही. चढ-उतार पायाखालच्या पेडलने, दांड्यांनी आणि लेस्ली स्पीकरने करावे लागतात. लेस्लीमध्ये वर एक फिरता कर्णा आणि खाली एक फिरता ढोल असतो आणि दोन्ही संथ किंवा जलद फिरवता येतात. लांबवलेला एखादा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांचा पुंजका, कानांनी धरून ठेवावा: संथ लाटांसारखा डोलणारा सूर हळूहळू थरथरू लागतो, वरचा कर्णा चटकन वेग पकडतो, जड ढोल मागे रेंगाळतो, आणि त्या दोन-तीन सेकंदांत एकाच सुराचे वरचे आणि खालचे अंग दोन निरनिराळ्या वेगांनी फिरत असल्याचे स्पष्ट ऐकू येते. वादक हा बदल कोणत्या क्षणी करतो यावर लक्ष ठेवावे. गायकाने दम कुठे घ्यावा याला जितके महत्त्व असते, तितकेच या निर्णयाला असते.

मेलोट्रॉनची गोष्ट निराळी आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे साठच्या दशकात तयार होऊ लागलेल्या या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाचा एकेक सूर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते, साधारण ८ सेकंदांत संपते आणि पट्टी सोडली की स्प्रिंगच्या ताणाने मागे जाते. म्हणून कॉर्ड कितीही वेळ धरून ठेवता येत नाही; वादकाला त्यातली बोटे एकेक करून उचलावी आणि टेकवावी लागतात. मी स्वतः बराच काळ हा आवाज खऱ्या वाद्यवृंदाचा समजत होतो. किंग क्रिमसनच्या १९६९ सालच्या पहिल्या अल्बममधील ‘एपिटाफ’ ऐकताना व्हायोलिनचे सूर मधूनच किंचित डळमळतात आणि प्रत्येक कॉर्ड थोडा उशिराने भरतो हे जाणवले, तेव्हा तो वाद्यवृंद इयान मॅकडोनल्ड यांच्या बोटांखालच्या फितींतून येत असल्याचे उमगले. मेलोट्रॉन ओळखण्याची हीच खूण आहे: सुराचा आरंभ किंचित मऊ, मधला भाग डळमळता, आणि त्या साऱ्यावर जुन्या फितीचे बारीक धुके. ज्यांना हे वाद्य एकटे ऐकायचे असेल त्यांनी जेनेसिसच्या १९७२ सालच्या ‘फॉक्सट्रॉट’ अल्बमची सुरुवात लावावी. ‘वॉचर ऑफ द स्काइज’ या रचनेच्या आरंभी सुमारे दीड मिनिट टोनी बँक्स यांच्या मेलोट्रॉनखेरीज जवळपास काहीच नाही.

विजेच्या मंडलांतून सूर घडवणाऱ्या सिंथेसायझरसाठी एवढे पुरे की सुरुवातीचे मूग सिंथेसायझर एका वेळी एकच सूर काढीत. १९७० साली आलेल्या मिनिमूगला ४४ पट्ट्या, तीन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी मंडले) आणि डाव्या बाजूला सूर वर-खाली ओढण्याचे चाक होते, त्यामुळे उजवा हात वाजवीत असताना डावा हात सुराला वळण देई. एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाणे हे येथे यंत्रालाच येते. एमर्सन, लेक अँड पामर यांच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बममधील ‘लकी मॅन’ या साध्या गिटारगीताच्या शेवटी एमर्सन यांचा मोठा मूग येतो, तो याच मींडेमुळे इतका मोठा वाटतो. तंतुवाद्यासारखी लांब ओढलेली ती मींड खोल खर्जापर्यंत उतरते आणि मग कानाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जाते.

वाद्ये ओळखू आली की हात ओळखण्याच्या कामाला लागावे. यासाठी एकच वाद्य घ्यावे आणि दोन-तीन वादक लागोपाठ ऐकावेत. हॅमंड एमर्सन यांच्या हातात तालवाद्य होते. ‘टार्कस’ या १९७१ सालच्या, अल्बमची एक पूर्ण बाजू व्यापणाऱ्या रचनेच्या आरंभी डावा हात पाच मात्रांचे आवर्तन अविरत फिरवत ठेवतो आणि उजवा हात त्यावर एकमेकांपासून चौथ्या सुराच्या अंतरावर रचलेले टणक कॉर्ड आदळत जातो. पट्टी दाबताना हॅमंडमध्ये जो टकटक असा बारीक आवाज येतो, तो दोष मानून झाकणारे वादक होते. एमर्सन यांच्या वादनात तो जणू काठीचा घाव होतो. मंचावर ते पट्ट्यांत सुरे खोचून सूर धरून ठेवीत, याची चर्चा खूप होते. पण केवळ ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याने ते विसरून डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. त्यांची खरी ताकद तिथे आहे.

याच्या अगदी उलट टोकाला कॅरॅव्हन बँडचे डेव्ह सिंक्लेअर आहेत. ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ या १९७१ सालच्याच अल्बममध्ये ‘नाइन फीट अंडरग्राउंड’ ही बावीस मिनिटांहून लांब रचना आहे आणि तिच्यात ऑर्गन जवळजवळ गायकाचे काम करतो: आवाजात थोडी खरखर, वाक्ये लांब, आणि दोन वाक्यांच्या मध्ये विसावा. सॉफ्ट मशीनचे माइक रॅटलेज हॅमंडऐवजी लोरी ऑर्गन फझमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या उपकरणातून, काढीत. हात उचलताच त्यातून फीडबॅकची शीळ घुमू लागे, म्हणून ते सुरांची साखळी तुटू देत नसत. त्यांचे ते विसावा न घेणारे, काहीसे तीक्ष्ण धावणे वाद्याच्या या अडचणीतून घडले आहे. व्हॅन डर ग्राफ जनरेटरचे ह्यू बँटन हे आणखी वेगळे. बँडमध्ये बास गिटारवादक नसल्याने खर्जाची बाजू ते ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर सांभाळीत, आपल्या ऑर्गनमध्ये स्वतः फेरफार करीत आणि पुढे ऑर्गन बांधण्याच्या व्यवसायातच गेले. १९७१ सालच्या ‘पॉन हार्ट्स’मध्ये चर्चमधील ऑर्गनची गंभीरता आणि बिघडत चाललेल्या यंत्राचा कल्लोळ एकाच माणसाकडून ऐकू येतो. हे चौघे एका बैठकीत ऐकावेत. ज्याच्याकडे मन पुन्हा ओढ घेईल, त्याचे नाव वहीत लिहावे आणि नेमके कोणत्या जागी मन अडकले ती मिनिटे-सेकंदेही टिपून ठेवावीत. केवळ ‘छान’ असे लिहून काही हाती लागत नाही.

टोनी बँक्स यांच्यासाठी मी जास्त वेळ मागून घेतो, कारण पहिल्या ऐकण्यात त्यांचे श्रेय सर्वांत कमी लक्षात येते. ते फार काळ पुढे येऊन वाजवीत नाहीत; रचनेच्या भिंती उभारतात आणि इतरांना त्यांत वावरू देतात. जेनेसिसच्या १९७३ सालच्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ अल्बममधील ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ लावावे. सुरुवातीला सुमारे मिनिटभर एकटा पियानो आहे. मात्रा मोजू गेल्यास आवर्तने सतत लहान-मोठी होत राहतात, पण ऐकताना कुठेही ठेच लागत नाही, कारण कॉर्डमधले सूर सुटे करून एकामागोमाग एक वाहते ठेवण्याची बँक्स यांची पद्धत मात्रांचे सांधे झाकून टाकते. पुढे गायन होते, बासरी येऊन जाते, आणि रचनेच्या मध्याच्या आसपास पियानोवर ऐकलेला तोच मजकूर सिंथेसायझरवर, पूर्ण बँडच्या साथीने परत येतो. येथे थांबून रचना मागे न्यावी आणि दोन्ही जागा लागोपाठ ऐकाव्यात. पियानोवर प्रत्येक सूर उमटताच विरू लागतो, म्हणून तो मजकूर पाण्यासारखा वाटतो. सिंथेसायझरवर सूर विरत नाही, कडा धारदार राहते, आणि तेच सूर एखाद्या घोषणेसारखे उभे राहतात. वाद्य बदलले तरी जे टिकून राहिले तो बँक्स यांचा हात: सुरांची निवड, कॉर्डखाली अनपेक्षित खर्ज ठेवण्याची सवय, आणि घाई न करता शिखराकडे चढण्याची रीत. त्यानंतर स्टीव्ह हॅकेट यांचे जे गिटारवादन येते त्याची सगळे वाखाणणी करतात आणि ती रास्तच आहे. तरी ते ऐकताना एकदा गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करून तिच्या खालचे मेलोट्रॉनचे कॉर्ड ऐकावेत.

बँक्स यांचीच आणखी एक कसोटी ‘फॉक्सट्रॉट’मधील ‘सपर्स रेडी’ या तेवीस मिनिटांच्या रचनेत आहे. तिच्या उत्तरार्धात ड्रम आणि बास ३+२+४ अशा नऊ मात्रांचा ठेका धरतात आणि ऑर्गन मात्र त्या चौकटीत बसायचे नाकारून आपल्याच हिशेबाने पुढे जातो. मांडीवर नऊ मात्रा हाताने मोजाव्यात आणि कान ऑर्गनवर ठेवावा. पहिल्या काही प्रयत्नांत मोजणी हमखास चुकते. ती टिकू लागली की ऑर्गनचे वाक्य समेवर न येता तिच्या पलीकडे जाऊन संपते हे कळते, आणि त्या भागातील वाढता ताण कुठून येतो याचाही उलगडा होतो.

वेकमन यांच्याकडे वळताना वेगाला भुलू नये, आणि वेगामुळे बिचकूही नये. त्यांच्या ताना मोत्यांच्या सरीसारख्या समान असतात. पण त्यांची खरी समज कोणते वाद्य केव्हा आणावे यात आहे. येसच्या १९७२ सालच्या ‘क्लोज टू द एज’ या शीर्षकरचनेत मधला संथ भाग येतो, आवाज एकमेकांत विरघळत जातात, आणि त्यांतून लंडनच्या सेंट जाइल्स-विदाउट-क्रिपलगेट या चर्चमधील खरा पाइप ऑर्गन उसळून वर येतो. काही वेळातच त्याची जागा हॅमंडवरचे धावते वादन घेते. दगडी वास्तूत घुमणारा ऑर्गन आणि लगोलग लाकडी पेटीतला कोरडा, चपळ ऑर्गन, ही जोडी मला त्यांच्या साऱ्या तानांहून मोलाची वाटते. या बँडमध्ये त्यांच्याआधी टोनी के होते आणि त्यांचा सारा भर हॅमंडवर असे. १९७१ साली आलेला ‘द येस अल्बम’ आणि त्याच वर्षाच्या अखेरीचा ‘फ्रॅजाइल’ लागोपाठ ऐकले, तर वादक बदलल्याने बँडच्या आवाजाची रुंदी किती पालटली हे कोणाच्या सांगण्याविना समजते.

रिचर्ड राइट यांच्यासाठी ऐकण्याची रीतच बदलावी लागते. येथे बोटांची तयारी शोधू नये, जागा शोधाव्यात. पिंक फ्लॉइडच्या १९७१ सालच्या ‘एकोज’ या रचनेच्या आरंभी पाणबुडीच्या संकेतासारखा जो एकच सूर थांबून थांबून वाजतो, तो लेस्ली स्पीकरमधून काढलेला पियानोचा तार सप्तकातला सूर आहे. एका सुरावर तेवीस मिनिटांच्या रचनेचे दार उघडण्याचे धैर्य राइट यांच्यात होते. याच बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अल्बममधील ‘ब्रीद’मध्ये ओळीच्या शेवटी परतताना येणारा तो जॅझकडे झुकलेला कॉर्ड आपण माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ सालच्या अल्बमवरून घेतल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. तो कॉर्ड एकदा कानाला सापडला की पुढे ‘द डार्क साइड ऑफ द मून’भर त्याची छाया दिसत राहते.

याहून कमी बोलले जाणारे पण आवर्जून ऐकण्याजोगे दोन पत्ते थोडक्यात देतो. जेंटल जायंटचे केरी मिनेअर हे रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचनाशास्त्र शिकलेले. त्यांच्याकडे एकच चाल अनेक आवाजांत अंतरा-अंतराने गुंफली जाते, म्हणून ऐकताना सगळे एकदम पकडू पाहण्यापेक्षा दर वेळी एक धागा धरावा. इटलीच्या बँको देल मुतुओ सोकॉर्सो या बँडमध्ये व्हिट्टोरियो आणि जान्नी नोचेन्झी हे दोघे भाऊ कीबोर्डवर होते, त्यामुळे १९७२ सालच्या ‘डार्विन!’मध्ये ऑर्गन आणि पियानो एकमेकांशी खरोखर संवाद करतात; एकाच माणसाने दोन वाद्ये वाजवल्यावर तसे घडत नाही.

पुढच्या काळातील वादक ऐकताना मात्र पहिली पायरी फारशी कामास येत नाही, कारण आता एकाच कीबोर्डमधून सारी वाद्ये निघतात आणि आवाजावरून यंत्र ओळखणे अवघड होते. ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या संगीतशाळेत शिकलेले आणि १९९९ साली ड्रीम थिएटरमध्ये आलेले जॉर्डन रूडेस यांना ऐकताना गिटारबरोबर एकसाथ धावणाऱ्या तानांपेक्षा त्या तानांच्या मधल्या पियानोच्या जागा पाहाव्यात. पॉर्क्युपाइन ट्रीचे रिचर्ड बार्बिएरी ताना जवळजवळ घेतच नाहीत. त्यांच्या आवाजांचे थर गाण्याच्या मागे हवेसारखे असतात. तेथे शोधायचा असतो तो थर कधी आला आणि कधी निघून गेला तो क्षण.

शेवटची पायरी नुसत्या पियानोची आहे. पियानो सर्वांना सारखाच. तेथे दांडे नाहीत, फिती नाहीत, चाक नाही. एका निवांत वेळी चार ध्वनिमुद्रणे क्रमाने लावावीत: लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवलेल्या, १९७७ सालच्या ‘वर्क्स’च्या पहिल्या खंडातील एमर्सन यांच्या पियानो कॉन्चेर्टोचे एकल भाग, वेकमन यांच्या २०१७ सालच्या ‘पियानो पोर्ट्रेट्स’मधील कोणतेही एक वादन, ‘फर्थ ऑफ फिफ्थ’चा आरंभ, आणि पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’चा आरंभ. एमर्सन पट्टीवर घाव घालतात, वेकमन तिच्यावरून घरंगळत जातात, बँक्स सूर मोकळे सोडून त्यांचा प्रवाह करतात. आणि राइट एक कॉर्ड टेकवतात, तो पुरता विरण्याच्या बेतात असताना दुसरा ठेवतात, आणि थोड्या वेळाने गायिका क्लेअर टोरी यांचा आवाज ज्या रिकाम्या जागेत शिरतो, ती जागा त्यांच्या बोटांनी आधीच मोकळी करून ठेवलेली असते.